फोटोत माणूस कुठाय?

बुलढाणा जिल्ह्यात दोन माणसं पहिल्यांदा भेटली की आडनाव, सोयरसंबंध या चौकशांच्या आधी एक प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग आडवी गेलेली आहे आणि तेरा तालुके तिनं दोन भावांत वाटावे तसे वाटून टाकलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरच्यांना खालचं ऊन सोसत नाही, खालच्यांना वरची जमीन हलकी वाटते. माझी आई मेहकरची, म्हणजे घाटावरची. वडील नांदुरा तालुक्यातले, पूर्णेकडच्या काळ्या मातीतले, म्हणजे घाटाखालचे. त्यामुळे कोणती बाजू चांगली हा वाद आमच्या घरात कधी मिटला नाही. मी मात्र दर उन्हाळ्यात एसटीत बसून त्या वादाच्या बरोबर मधून जात असे.

मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की राजूर गावानंतर घाट लागतो. ड्रायव्हर गिअर बदलतो, इंजिनाचा आवाज जाड होतो आणि मागच्या बाकावर कुणीतरी पोरगं हमखास ओकतं. आई मला लिंबू हुंगायला द्यायची. मी खिडकीच्या गजाला नाक लावून खाली बघत बसायचो. हा काही खंडाळ्याचा घाट नव्हे. मे महिन्यात तर बघण्यासारखं असतं काय? पानं झडलेला साग, उघडीबोडकी सालई, धुळीनं तपकिरी झालेली झुडपं, कठड्यावर ओळीनं बसलेली वानरं. पण दर वळणाला खालचं रान थोडं खाली जायचं आणि थोडं रुंद व्हायचं. वरच्या वळणावर पोचेपर्यंत पूर्णेचं सगळं खोरं पायाशी पसरलेलं असे. हवा स्वच्छ असली तर त्याच्या पल्याड आभाळाला टेकलेली एक निळसर रेघ दिसायची. तो सातपुडा. ज्या उन्हानं आम्हाला तासाभरापूर्वी भाजून काढलं होतं, तेच ऊन वरून इतकं देखणं दिसायचं की मला त्याचा राग यायचा.

१९८३ सालच्या उन्हाळ्यात मेहकरच्या मामानं त्याचा जुना अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा मला दिला. काळा, ठोकळ्यासारखा, एका रोलमध्ये बारा फोटो. परतीच्या प्रवासात राजूर घाटातल्या वळणावर एसटी गरम होऊन थांबली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून त्या निळ्या रेघेकडे वळलो. वडिलांनी हात धरला. घरात ते शुद्ध बोलत, पण पैशाचा विषय निघाला की त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची. "बाराच फोटू हायेत त्याच्यात. डोंगराचा काढून काय करतं? डोंगर कुठी पळून चालला काय? मानसं काढ." मग मी एसटीच्या पुढं आई, धाकटी बहीण आणि एक ट्रंक असा फोटो काढला.

त्या काळात आमच्या सगळ्या नात्यात हाच कायदा होता. फोटो म्हणजे माणसांचा. माणूस नसलेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. रोल धुऊन आला की पाकीट हातोहात फिरे, आणि चुकून एखाद्यात नुसतं झाड किंवा तळं निघालं तर आत्या तो उलटासुलटा करून विचारायची, "याच्यात मानूस कुठी हाये?" मला याची लाज वाटायची. पुढं शिकलो, पुण्याला गेलो, परदेशी छायाचित्रकारांची जाड पुस्तकं ग्रंथालयात बसून पाहिली. बर्फाची शिखरं, निर्मनुष्य वाळवंटं, धुक्यातले पाइन. तेव्हा वाटलं, आपल्या लोकांना निसर्ग बघताच येत नाही. तो फक्त पाठीमागे लावायचा पडदा आहे त्यांच्या लेखी.

हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. ते चुकीचं होतं.

१९८४ साली आम्ही सगळे लोणारला गेलो. मेहकरहून लोणार जवळच, तरी आई लग्नानंतर प्रथमच जात होती. आधी धारेवर गेलो. गोमुखातून पडणाऱ्या त्या पाण्याखाली बायका आंघोळी करत होत्या. तिथून झाडीतली पायवाट खाली उतरते. काठावर उभं राहिलं की आधी काही कळतच नाही. डोळा समोरचा काठ शोधतो, आणि तो फार लांब निघतो: एका काठापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास १.८ किलोमीटर. मधे हिरवं जंगल, आणि तळाशी हिरवट पाण्याची थाळी. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर आहे, हे शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात पक्कं केलं. तोवर कुणी त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणायचे. आमच्या आजीच्या लेखी दोन्ही मतं खोटी होती. तिथं लोणासुर राहायचा आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारला, एवढं तिला पुरेसं होतं.

खाली उतरलो तसा काठाजवळच्या चिखलाचा कुजका, गंधकासारखा वास आला. आईनं पदर नाकाला लावला. पाणी खारट, अल्कधर्मी, पिण्याच्या कामाचं नाही. वडिलांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला: "आमच्याकडं विहिरीलेच असं पाणी लागते. थे पाह्यले कोनी येत नाही." ते खोटं बोलत नव्हते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. नांदुरा, शेगाव, संग्रामपूरकडच्या कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मचूळ पाणी पिऊन काढल्या. खारं पाणी घाटावर असलं की ते प्रेक्षणीय स्थळ होतं आणि घाटाखाली असलं की मुतखडा, असा त्या वाक्याचा अर्थ होता. तो कळायला मला वीस वर्षं लागली.

त्या दिवशी मी बाराच्या बारा फोटो काढले. चोरून नऊ सरोवराचे, आणि वडील बघत असताना तीन माणसांचे. रोल धुवायला एका स्टुडिओत दिला. तिथं अंधाऱ्या खोलीचं दार कुणीतरी मधेच उघडलं, असं आम्हाला सांगण्यात आलं. अकरा फोटो गेले. वाचला तो एक, आणि तोही निम्मा. डावी बाजू उजेडानं खाल्लेली. उजव्या बाजूला कमळजा देवीच्या देवळाजवळ आई उभी आहे, एक हात कपाळावर उन्हाला आडवा धरून. तिच्या मागे थोडी कोरडी जमीन, मग पाण्याची पट्टी. माझे नऊ निर्मनुष्य लोणार त्या खोलीत मेले. मी आठवडाभर जेवताना कुणाशी बोललो नाही.

निसर्गचित्रात माणूस कशाला, या प्रश्नाचं उत्तर आमच्याच मुलखातल्या एका जुन्या छायाचित्रकाराच्या कामात मिळालं. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. आमच्या डोंगराच्याच पुढच्या टोकाला, अजिंठा गावात, हा माणूस वर्षानुवर्षं राहिला आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर बुद्धाच्या जातककथा उतरवत गेला. त्या प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६च्या डिसेंबरात तिथं आग लागली आणि बहुतेक जळून गेल्या. पण उतारवयात त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. १८६० च्या दशकात तो लोणारला आला, त्यानं तिथल्या देवळांचे फोटो काढले. स्टिरिओस्कोपमधून बघायचे, जोडीजोडीचे. १८७९ साली तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे.

मला त्या फोटोंपेक्षा ते काढताना झालेली दगदग जास्त दिसते. त्या काळी काचेच्या पाटीवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे अंधारी राहुटी, काचा, बाटल्या, पाणी, सगळं बरोबर न्यायचं. कलोडियनमध्ये ईथर असतो, तो आमच्या उन्हात किती टिकणार? अशा माणसाला दृश्य जाता जाता टिपून पुढं जाणं परवडत नसे. त्याला मुक्काम करावा लागे, आणि गावातली माणसं हाताशी घ्यावी लागत. त्या जमान्यात देवळाच्या फोटोत पायऱ्यांवर किंवा खांबापाशी एखादा माणूस उभा करून ठेवत, तो मापासाठी. खांब किती उंच हे सांगायला दुसरं साधन नव्हतं. वडिलांनी राजूर घाटात मला तेच सांगितलं होतं, कारण मात्र वेगळं होतं.

(मधेच एक गोष्ट सांगून टाकतो. ती चांदी. जुना फोटो म्हणजे शेवटी कागदावर काळी पडलेली चांदीच. आमच्या जिल्ह्यात खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, लोक त्याला रजतनगरी म्हणतात. आईच्या पायातली जोडवी खामगावची आणि तिचा तो अर्धा फोटोही चांदीचाच, हे लक्षात आलं तेव्हा मी उगीचच फार खूश झालो होतो.)

मग डिजिटल कॅमेरे आले आणि बाराचा हिशोब संपला. त्याबरोबर माझ्यातला वडिलांचा धाकही संपला असावा. २००६ पासून दहाएक वर्षं मी जिल्हाभर हिंडून हजारो फोटो काढले. ज्ञानगंगा अभयारण्यात बोथ्याच्या रस्त्याला, सिंदखेडराजाच्या मोती तलावावर, बुलढाण्यात पावसाळी धुकं रस्त्यावर उतरतं तेव्हा, पळस फुललेला असताना मेहकर-लोणार वाटेवर. आणि प्रत्येक वेळी मी माणसं फ्रेमबाहेर काढली. लोणारच्या काठावर एका शेळ्यावाल्या पोराला "जरा बाजूला हो रे" म्हणालो होतो. तो झाला. विजेच्या तारा नंतर संगणकावर पुसल्या. एका फोटोत सोयाबीनच्या हिरव्या वावरातला फवारणीचा निळा पंप मला खटकला, तोही पुसला. पंपाबरोबर तो पाठीवर घेतलेला माणूसही गेला.

आज ती फोल्डरं उघडली की मला काहीच कळत नाही. हिरवं आहे, पण कोणत्या साली? ढग आहेत, पण पडले का? हे वळण कोणत्या घाटाचं? फाईलवर तारीख असते म्हणा, पण ती कॅमेऱ्यानं लिहिलेली आहे, माझ्या आठवणीनं नाही. उलट आईचा तो अर्धा फोटो हातात घेतला की सगळं सांगता येतं. पाणी देवळापासून किती लांब होतं, हे आईच्या उंचीवरून मोजता येतं. त्यानंतर गेलो तेव्हा पाणी जवळ आलेलं दिसलं, ते त्या फोटोमुळेच. नाहीतर मला वाटलं असतं, ते नेहमीच इथवर होतं.

"कॅमेरा बाजूला ठेवा, डोळ्यांनी बघा" असा उपदेश हल्ली फार ऐकू येतो. मला तो पटत नाही. कॅमेरा न घेता मी घाटातून शेकडो वेळा गेलो आहे आणि त्यातल्या निम्म्या वेळा झोपलो आहे. कॅमेरा असला की निदान थांबतो. चूक थांबण्यात नाही आणि टिपण्यातही नाही. थांबल्यावर जे नको म्हणून मी पुसत गेलो, त्यात आहे.

कारण या जिल्ह्यात नुसता निसर्ग असा कुठं आहेच का? लोणारचंच घ्या. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत या जागेचा उल्लेख येतो, तो साबण आणि काच बनवायच्या क्षारांसाठी आणि त्यातून राज्याला होणाऱ्या उत्पन्नासाठी. आज ज्याला आपण दृश्य म्हणतो ते तेव्हा खातं होतं. सिंदखेडराजाचा मोती तलाव म्हणजे जाधवांच्या काळातलं पाणीपुरवठ्याचं बांधकाम. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे, वकिली करत त्याच गावात राहिले. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात महाराष्ट्रभर गेली. त्या कवितेतही रान आहे, पण ऐकू येतो तो माणूस. आईच्या माहेरी तिला कविता म्हणून कुणी ओळखायचंच नाही. 'आपल्या वकिलांचं गाणं' म्हणायचे.

घाटाखालच्यांची बघण्याची रीत तर आणखीच सरळ. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर वावरात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, वर पापड, कुरडई, वडा. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे काय सरकलं, काय ओलं झालं, काय जागचं हललं ते पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. शास्त्र म्हणून त्यात काही नाही, विवेकवाद्यांची टीका मला मान्य आहे. पण एका वावरात सगळा मुलूख लहान करून मांडायचा, रात्रभर उघडा ठेवायचा आणि सकाळी त्यावर काय उमटलं ते वाचायचं, हे मला गिलच्या काचेच्या पाटीसारखं वाटतं. फरक एवढाच की भेंडवळला जमलेल्यांपैकी एकजणही 'किती सुंदर' म्हणत नाही. ते विचारतात, पाऊस कसा आहे?

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदी होती. फोनवर फोटो आले, आणि आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांनी तो रंग संगणकावर भरलेला आहे असं ठरवून टाकलं. पुसण्याभरण्याची सवय आता सगळ्यांना ठाऊक झालीय, मग खऱ्या रंगावर कोण विश्वास ठेवणार? उपग्रहातूनही तो बदल दिसला. पुढं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या संशोधकांनी नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. मला मात्र गावाकडच्या एकानं पाठवलेला फोटो खरा वाटला तो वेगळ्या कारणानं. त्यात गुलाबी पाण्याच्या कडेला वनखात्याचा एक माणूस बाटलीत पाणी भरत वाकलेला होता.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात ज्ञानगंगेत एक पाहुणा येऊन राहिला होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर. तेलंगण, विदर्भ, मराठवाडा अशी कापसाची आणि सोयाबीनची वावरं तुडवत, रस्ते आणि नाले ओलांडत तो बोथ्याच्या जंगलात पोचला. मार्च २०२० पर्यंत त्याची चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. मुख्यतः नकाशावरच्या ठिपक्यांतून त्याचा प्रवास जगाला कळला. मी दोनदा त्या रस्त्यानं गेलो, लांब भिंग लावून. रोही दिसले, मोर दिसले. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "तो तुमाले पाहून गेला असन." यावर काय बोलणार?

गेल्या ऑक्टोबरात एकटाच नांदुऱ्याहून बुलढाण्याला निघालो होतो. राजूर घाटात त्याच वळणावर गाडी लावली. तेच वळण, असं मी म्हणतो, पण रस्ता रुंद झालाय, आमची एसटी जिथं गरम झाली होती तिथला निंब गेलाय. वडीलही आता नाहीत. डोंगर कुठी पळून चालला काय, हे त्यांचं वाक्य अशा वेळी आठवतं; थोडा पळाला, बाबा. कठड्याजवळ सत्तरीचे एक गृहस्थ दोन म्हशी चारत उभे होते. मी फोन काढला तसे ते आपणहोऊन बाजूला सरकले. इतक्या जणांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं असावं की आता सांगावं लागत नव्हतं.

मी म्हटलं, "राहा ना, काका. म्हशीसकट येऊ द्या."

ते हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि म्हणाले, "माहे कायले काढता? तुमी दूरचे. तुमीच उभे राहा, मी काढतो." मी फोन दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी तो पोथी धरावी तसा दोन्ही हातांनी धरला आणि पाच-सहा वेळा दाबला.

सगळे फोटो वाकडे आले. चारात त्यांचा अंगठा आहे. दोनात सातपुडा नाहीच, एकात म्हशीचं शिंग माझ्या कानातून निघालंय. पण घाटात मी एकटा उभा आहे असे आयुष्यातले हे पहिलेच फोटो. एरवी मी नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. त्यातला एक पुण्याला आईला पाठवला. ती आता ब्याऐंशीची आहे, फोन डोळ्यांजवळ धरून दोन बोटांनी चित्र मोठं करते. मला वाटलं, वाळलास का म्हणून विचारेल.

तिचा फोन आला. "तुझ्या मागं खाली पिवळं दिसतंय ते सोयाबीन ना? अजून उभं कसं? पाऊस लागला असेल काढणीला."

मी परत फोटो पाहिला. सोयाबीन उभं होतं.